शेवटच्या बटणावरचा सूर

प्रिय नॉन्क क्लोव्हिस,

रागावून लिहितो आहे, हे आधीच सांगून टाकतो. आणि मराठीत लिहितो आहे, कारण नीट रागवायचं तर मला माझीच भाषा लागते. तुम्हाला मराठी वाचता येत नाही ही सबब सांगू नका. इतकी वर्षं तुम्ही माझ्याशी इंग्रजीत बोलता बोलता मधेच फ्रेंचमध्ये घसरायचात आणि मी कळल्यासारखी मान डोलवायचो. आता तुमची पाळी.

येत्या शनिवारी तुम्हाला जाऊन वर्ष होईल. सकाळी चर्चमध्ये तुमच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना आहे आणि संध्याकाळी हॉलमध्ये नाच. तुमच्या लेकीने, बर्नडेटने, फर्मान काढलं आहे की त्या नाचात तुमचा वॉल्ट्झ मी वाजवायचा, तुमच्याच पेटीवर. तुमच्या गावात ॲकॉर्डियन वाजवणारे ढिगाने आहेत. त्यातले निम्मे तुमचे नातेवाईक. तरी तिने मला सांगितलं, नागपूरहून आलेल्या माणसाला. लपवत नाही, छाती फुगली होती.

मग पेटी सर्व्हिसिंगसाठी माझ्याकडे आली, मी ती उघडली, आणि आता अवस्था अशी आहे की तो वॉल्ट्झ कसा वाजवायचा हे मला कळेनासं झालं आहे. मला. तुमची बोटं ज्याने तुमच्या पोरांपेक्षा जास्त पाहिली त्याला. याला जबाबदार तुम्ही आहात, म्हणून हे पत्र.

तुम्हाला आपली पहिली भेट आठवते? मी तेव्हा उत्तरेकडचं शॉमबर्गचं ऑफिस सोडून इकडे लुइझियानात, लाफायेतला हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरच्या कामाला आलो होतो. मंजिरी आणि मी घर बघायला ओपेलुसासच्या बाजूला निघालो होतो. तुमच्या कारपोर्टवरून, त्या गाडी ठेवायच्या छपराखालून, आवाज आला आणि मी ब्रेक मारला. मंजिरी म्हणाली, "अहो, आपल्याला घर बघायचंय. हे लोक कोण?" मला काय माहीत कोण. मी गांधार ऐकला होता. पियानोतला नाही, गिटारमधला नाही, तर आमच्याकडे चांगला कारागीर पेटी लावताना जरासा उतरवून ठेवतो तो गांधार, षड्जाला टेकून बसणारा. लुइझियानात, एका पिकअप ट्रकच्या शेजारी.

मी सरळ आत आलो आणि म्हणालो, तुमचा हा सूर थोडा उतरलेला आहे. ओळख नाही, पाळख नाही. तुम्ही वाजवणं न थांबवता म्हणालात, "मुद्दाम उतरवलाय. बुदँ खाणार?"

मंजिरीने विचारलं, त्यात काय असतं. तुम्ही म्हणालात, "भात."

"नुसता भात?"

"भात जास्त, डुक्कर कमी."

ती अजून हे सगळ्यांना सांगते. माझ्या ॲकॉर्डियनबद्दल तिला कोणी विचारलं की ती बुदँपासूनच सुरुवात करते.

त्या दिवसापासून माझे सगळे शनिवार तुमच्या कारपोर्टवर गेले, आणि गावासारखं मीही तुम्हाला नॉन्क, म्हणजे काका, म्हणायला लागलो. मी म्हणालो, शिकवा. तुम्ही म्हणालात, "मी शाळेची बस चालवत होतो, शाळा नाही. बस आणि बघ." मला ते पटलं, कारण मी असाच शिकलेला माणूस आहे. नागपूरला शेजाऱ्यांच्या पेटीवर ते जेवायला उठले की मी बसायचो. मला गुरू नव्हता, परीक्षा नव्हती. आतल्या धातूच्या पट्टीच्या, म्हणजे रीडच्या, टोकाशी घासलं की सूर चढतो आणि मुळाशी घासलं की उतरतो, हे मी चांगली रीडं वाया घालवून शिकलो. तुमच्या कारपोर्टवरच्या किती जणांच्या पेट्या मी लावून दिल्या, सांगा बरं. तुमच्या डोळ्यांदेखत. एका खुर्चीच्या अंतरावर. हे लक्षात ठेवा, यावर मी परत येणार आहे.

आता त्या वॉल्ट्झबद्दल. तुमच्या वडिलांकडून आलेला, नाव नसलेला, गावात सगळे ज्याला "क्लोव्हिसचा" म्हणतात तो. त्याच्या तिसऱ्या ओळीत चाल चढत चढत वर जाते, ऐकणाऱ्याला वाटतं आता शेवटच्या बटणावरचा सूर येणार, आणि तुम्ही तो वाजवायचा नाहीत. मात्रा चुकायची नाही. लोखंडी त्रिकोण वाजवणारा आपला टिंग टिंग करत असायचा. फक्त पेटी एका सुरापुरती गप्प, आणि मग खालून पुन्हा सुरू. काय जागा होती ती. अंगावर काटा यायचा. मी घरी येऊन ती जागा इतकी घोटली की मंजिरी स्वयंपाकघरातून म्हणायची, "आता थांबणार." आणि मी थांबायचो.

मी तुम्हाला विचारलं होतं की तिथे सूर का सोडता. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत की जुन्या काळी घरातलं सामान अंगणात काढून नाच व्हायचे, तेव्हा एक म्हातारी बरोबर त्याच जागी शिंकायची, तिच्यासाठी जागा सोडली. दुसऱ्यांदा म्हणालात, तुमचे वडील तिथे घोट घ्यायचे. तिसऱ्यांदा तुम्ही गंभीर होतात, टोपी काढून मांडीवर ठेवली होती. म्हणालात, जुन्या हॉलमध्ये एक फळी खचलेली होती, नाचणाऱ्या जोड्यांना ती ओलांडायला क्षणभर अवधी लागायचा, म्हणून वाजवणारे थांबायचे.

टोपी काढली होती तुम्ही. मी तिसरी गोष्ट खरी धरली. माझं काय चुकलं?

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण एडिसनला मराठी मंडळींचा कार्यक्रम होता, आणि एका मित्राने मला तिथे बोलायला बोलावलं. चहा-बटाटेवड्यानंतरची वेळ, लोक पेंगलेले. मी पेटी काढली, तुमचा वॉल्ट्झ वाजवला, ती जागा दाखवली, आणि सांगितलं की आपल्याकडे तालात जशी खाली असते तशी ही सुरातली खाली आहे. वाजवण्याइतकंच न वाजवण्याला महत्त्व देणारी एक अख्खी परंपरा या लोकांनी जपली आहे. पेंगलेले लोक जागे झाले. पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी विचारलं, "पण बरोबर तिथेच का हो?" मी त्यांना फळी सांगितली. काकू म्हणाल्या, "बघा, कसे एकमेकांना सांभाळून घ्यायचे लोक." टाळ्या झाल्या. मी तिथल्या ओक ट्री रोडवर जेवलो आणि फार समाधानाने विमानात बसलो.

त्या काकूंना आता मी काय सांगू?

कारण तुमच्या पेटीत रीड चिरलेलं निघालं. शेवटच्या बटणावरचं, भाता ओढल्यावर वाजणारं. एकेका सुराला चार रीडं, त्यातलं एक मुळाशी चिरलेलं, आणि चिरेत इतका गंज की ते काही काल-परवाचं नव्हे. मी भाता ओढून ते वाजवून पाहिलं. मंजिरी हातातलं टाकून धावत आली, तिला वाटलं मला काही झालं.

मी बर्नडेटला फोन लावला. ती काहीतरी तळत होती, मागे तेलाचा आवाज.

"बर्नडेट, वरच्या बटणाचं एक रीड गेलंय."

"कुठलं? ते किंचाळणारं?"

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. मी शाळेत होते तेव्हा गेलं ते. डॅडी म्हणायचे, डुकराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं ओरडतं. मग ते तिथे जायचेच नाहीत."

"दुरुस्त का नाही केलं?"

"करणार होते."

"कधी?"

"मिस्टर श्री, ते आमच्या मागच्या दाराची पायरीसुद्धा दुरुस्त करणार होते."

मी म्हणालो, मी तीनदा विचारलं होतं त्यांना, आणि त्यांनी मला म्हातारी, घोट आणि फळी सांगितली.

"मग," ती म्हणाली, "सांगितलं ना काहीतरी."

नॉन्क, हे उत्तर झालं का? तिला त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं. प्रश्न विचारला, गोष्ट मिळाली, व्यवहार पूर्ण. तुमच्या घरात बहुतेक असंच चालत असणार. कोणी विचारलं वीज का गेली, तर त्याला सशाने कोल्ह्याला कसं फसवलं ते ऐकवायचं. आमच्याकडेही गोष्टी सांगतात. पण शेवटी, पोरगं झोपायच्या आधी कोणीतरी सांगतं की फ्यूज उडाला होता.

आणि मी तिथेच बसलेला होतो. एका खुर्चीच्या अंतरावर, मांडीवर दुसऱ्या कोणाच्या पेटीचा लाकडी ठोकळा, हातात कानस. "श्री, माझंही एक बघ" एवढं म्हणायला काय झालं होतं? चार शब्द. एका दुपारचं काम होतं. मी आनंदाने केलं असतं. तुम्हाला माहीत होतं मी आनंदाने केलं असतं. मी कितीदा म्हणालो, तुमची पेटी एकदा उघडून बघू का? तुम्ही ती मांडीवर जवळ ओढायचात आणि म्हणायचात, "वाजतेय ती." वाजत होती, एक सूर सोडून.

या सगळ्यात टेसाला तर आयतं कोलीत मिळालं आहे. तुमच्या बहिणीची नात, दिवसा लोकांचे दात साफ करते आणि शनिवारी माझी खोडी काढते. फिडल फार सुरेख वाजवते, हे मी तिच्यासमोर म्हणत नाही. तुम्ही आजारी पडल्यावर ती यायला लागली, आणि पहिल्याच दिवशी तिने तिसऱ्या ओळीत तो वरचा सूर लावला. मी म्हणालो, नॉन्क तिथे सूर लावत नाहीत. ती म्हणाली, माझी आजी गुणगुणते तेव्हा असतो. मी म्हणालो, आजीला आठवत नसेल. ती म्हणाली, "मिस्टर श्री, ती त्यांची सख्खी बहीण आहे. एकाच घरात ऐकलंय दोघांनी." मी म्हणालो, मी फोनवर रेकॉर्ड केलेलं आहे, हवं तर ऐकवतो. ती म्हणाली, "तुम्ही त्यांना वाजवत नाही. तुम्ही त्यांची झेरॉक्स काढता."

वर्षभर हे चाललं आहे. ती लावते, मी थांबतो, आणि मग दोघं एकमेकांकडे बघतो. कारपोर्टवरची मंडळी कॉफी पीत मजा बघतात.

झेरॉक्स म्हणाली ते मला लागलं, पण खोटं वाटलं नाही. तुम्ही गेल्यावर माझ्याकडे दुसरं काय होतं? तुमची पोरं आहेत, त्यांच्याकडे तुमचं नाक आहे, तुमची टोपी आहे, तुमची भाषा आहे. माझ्याकडे फक्त तुमची बोटं होती, माझ्या बोटांत. मी जसंच्या तसं वाजवलं की तेवढा वेळ तुम्ही खुर्चीत असायचात. त्या जागेत तर सगळ्यात जास्त. आणि आता कळतंय की त्या जागेत तुम्ही नव्हतातच. तिथे एक मोडकं रीड होतं आणि त्याच्या शेजारून हळूच निघून जाणारा एक माणूस होता.

मी रीड बदललं. दुसरं काय करणार, मोडकं दिसलं की माझे हात स्वस्थ बसत नाहीत. तुमचा गांधार जसा उतरलेला होता तसाच ठेवला, बाकी कशाला हात लावला नाही. रीड बसवायचं मेण नव्याने घातलं, नवं रीड बाकीच्या तिन्हींशी जुळवलं. मग वॉल्ट्झ वाजवायला घेतला. तिसऱ्या ओळीला बोट वर गेलं आणि बटणावर नुसतं टेकून राहिलं. दाबेना. मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. स्वतःच्या बोटावर इतका चिडलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल.

बुधवारी तालमीला सगळे तुमच्या कारपोर्टवर जमलो. बर्नडेट, टेसा, मी, आणि मंजिरी, जी फक्त कॉफीसाठी येते असं तिचं म्हणणं आहे. टेसाला बर्नडेटकडून सगळं कळलेलं होतं.

"म्हणजे मी बरोबर होते," टेसा म्हणाली.

"तू बरोबर होतीस असं कोणी म्हणत नाहीये."

"मग कोण बरोबर होतं?"

"नॉन्क चूक होते असं म्हणता येत नाही."

"मिस्टर श्री, तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये आहात की कोर्टात?"

बर्नडेट म्हणाली, "दोघं गप्प बसा आणि वाजवा." तिने मंजिरीच्या हातातला कप काढून घेतला आणि तिला ओढलं. मंजिरी म्हणाली, मला येत नाही. बर्नडेट म्हणाली, हा नाच येणाऱ्यांसाठी नसतोच.

मी माझ्या पद्धतीने वाजवलं, टेसाला थांबायला सांगून. त्रिकोण वाजवणारं कोणी नव्हतं. तिसऱ्या ओळीत चाल वर चढली, पेटी गप्प झाली, आणि मला मंजिरीच्या सपाता ऐकू आल्या. काँक्रीटवर, सर्रकन, एकच पाऊल. बर्नडेटचं पाऊलही त्याच्याबरोबर. मग पेटी पुन्हा सुरू झाली आणि पावलं तिच्याखाली गेली.

दुसऱ्यांदा बळेच बोट दाबलं. सूर आला. चांगला आला, नॉन्क, खोटं कशाला बोलू. टेसाने फिडलवर तोच लावला होता, दोन्ही असे एकमेकांना चिकटले की तिने भुवया वर केल्या. पण पावलं ऐकू आली नाहीत.

मंजिरी धापा टाकत म्हणाली, "पहिलं बरं होतं."

मी विचारलं, का?

"तिथे पाय कुठे टाकायचा ते कळत होतं."

आमच्या मंजिरीला गाण्यातलं काही कळत नाही हे ती स्वतःच सांगते. पण बर्नडेट लगेच म्हणाली, "हॉलमध्ये तसंच व्हायचं. सगळ्या जोड्यांचं पाऊल एकदम. लहानपणी मला वाटायचं, डॅडी आमचे पाय ऐकायला थांबतात."

टेसाने फिडलच्या गजाला राळ लावायला घेतली, जी तिने पाच मिनिटांपूर्वीच लावली होती.

आता मला सांगा. हे तुम्हाला माहीत होतं का? रीड गेलं, तुम्ही तिथून वळसा घेतला, आणि एखाद्या शनिवारी तुम्हाला अख्ख्या हॉलचं पाऊल ऐकू आलं, आणि म्हणून तुम्ही मला पेटी उघडू दिली नाहीत? की नुसता आळस? मागच्या दाराच्या पायरीसारखा? दोन्ही खरं असू शकतं. दोन्ही तुम्हाला शोभतं. मी तासन्‌तास फोनवरचे तुमचे व्हिडिओ पुन्हा लावले, तुम्ही त्या जागी कुठे बघता ते बघितलं. एकात तुम्ही जमिनीकडे बघताय. एकात कुत्र्याकडे.

सर्वांत जास्त राग याचाच आहे. चौथ्यांदा विचारायला तुम्ही नाहीत. तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितली असती तरी मी चालवून घेतलं असतं.

असो. शनिवारचं ठरलं आहे, ते सांगतो. पहिल्या फेरीत सूर मी सोडणार. पेटी आता ठणठणीत आहे, सूर हाताखाली आहे आणि तरी मी सोडणार, म्हणजे यापुढे ती जागा मोडक्या रीडाची नाही, माझी आहे, आणि तिचा दोषही माझा. दुसऱ्या फेरीत टेसा तो फिडलवर लावेल, तिच्या आजीसाठी. आजी येणार आहे, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली आहे. तिसऱ्या फेरीत काय करायचं यावर काल रात्रीपर्यंत मेसेजवर भांडण चालू होतं. टेसाचं म्हणणं, तेव्हाचं तेव्हा बघू. तेव्हाचं तेव्हा बघू हे मला आयुष्यात कधी जमलेलं नाही, पण हॉल तुमच्या लोकांचा आहे, मुकाट्याने हो म्हटलं.

एडिसनच्या काकूंचा नंबर मिळवला आहे. त्यांना खरं सांगेन. शनिवारी कोणी विचारलं तर त्यालाही सांगेन की रीड चिरलं होतं, मुळाशी, ओढायच्या बाजूचं. बाकी काय सांगायचं ते बर्नडेट सांगेल.

आणि तुम्हाला वचन देतो. इतकी वर्षं तो वॉल्ट्झ मी डोळे मिटून वाजवला, तुमची बोटं दिसावीत म्हणून. शनिवारी मिटणार नाही. पेटी गप्प होईल तेव्हा मी जमिनीकडे बघेन, पायांकडे, ते खरंच एकदम पडतात का ते. तुम्हाला ठाऊक होतं की नाही, हे कळलं तर तिथेच कळेल. नाही कळलं तर पुढच्या शनिवारी पुन्हा वाजवेन आणि पुन्हा बघेन.

तुमच्यावर अजून रागावलेला,
श्रीकांत